डंकन एडवर्ड्स: अपघातानंतर पोहोचलेली तार

इंग्लंडमधल्या डडली गावचा डंकन एडवर्ड्स 18व्या वर्षी देशाच्या फुटबॉल संघात आला. मँचेस्टर युनायटेडचा हा हाफबॅक बचाव, पास, गोल, सगळंच करायचा.

6 फेब्रुवारी 1958. बेलग्रेडचा सामना खेळून परतताना संघाचं विमान इंधनासाठी म्युनिकला उतरलं. पुढच्या उड्डाणाचे दोन प्रयत्न फसले. आज काही येत नाही, अशी तार डंकनने मँचेस्टरच्या घरमालकिणीला केली. आणि तिसरा प्रयत्न झाला! धावपट्टीवरच्या अर्धवट वितळलेल्या बर्फात वेग मिळेना. विमान कुंपण तोडून घरावर आदळलं. एकूण 23 बळी, त्यांत 8 खेळाडू. ठपका वैमानिकावर आला, तो पुसायला 1969 उजाडलं.

तार पोहोचली तोवर अपघात होऊन गेला होता. डंकन 15 दिवस झुंजला. 21 फेब्रुवारीला गेला, वय 21.