आवाजाची नक्षी पाहणारा क्लाडनी

अर्न्स्ट क्लाडनी यांचा जन्म १७५६ साली जर्मनीतील विटेनबर्ग येथे झाला. वडील कायद्याचे प्राध्यापक. त्यांच्या हट्टापायी मुलगा कायदा शिकला; मात्र वडील गेल्यावर तो आपल्या आवडीच्या ध्वनिशास्त्राकडे वळला. विद्यापीठात त्यांना अखेरपर्यंत जागा मिळाली नाही. स्वतः बनवलेली वाद्ये घेऊन ते युरोपभर व्याख्याने देत फिरले आणि त्या कमाईवर जगले.

त्यांचा प्रयोग अगदी साधा होता. पातळ तबकडीवर वाळू पसरायची आणि तिच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढायचा. तबकडी जिथे थरथरते तिथली वाळू उडते आणि स्थिर रेषांवर जमते. स्वर बदलला, बोट किंवा गजाची जागा बदलली की नक्षीही बदलते. १७८७ मध्ये त्यांनी या आकृत्या प्रसिद्ध केल्या. हा प्रयोग पाहून नेपोलियनने त्यामागील गणित उलगडण्यासाठी बक्षीस लावले. १८१६ मध्ये ते सोफी जर्मेन या गणितज्ञ महिलेला मिळाले.

आजच्या सपाट स्पीकरचा एक प्रकार याच तत्त्वावर चालतो. नेहमीच्या स्पीकरमधला कागदी शंकू सबंध पुढेमागे हलतो. त्याचे उंच स्वर मुख्यतः समोर जातात, बाजूला बसलेल्यांना कमी पोचतात. सपाट फळी मात्र क्लाडनींच्या तबकडीसारखी ठिकठिकाणी थरथरते, त्यामुळे आवाज सगळीकडे पसरतो. तिला हलवणारे यंत्र कुठे चिकटवले, यावर आवाजाचा दर्जा ठरतो. उणीव खर्जाची: पातळ फळी फारशी पुढेमागे हलत नाही, शिवाय पुढच्या-मागच्या लहरी एकमेकींना मारतात. खर्जासाठी खोक्यातला मोठा शंकूच बरा.

आरोग्याच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नाही. वयानुसार आधी उंच स्वरांचे ऐकणे कमी होते आणि ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने त्याच पट्ट्यात येतात. आवाज येतो, शब्द कळत नाहीत, अशी ज्येष्ठांची तक्रार त्यातूनच येते. त्यांना स्पीकरच्या समोर, जवळ बसवावे. नुसता आवाज वाढवत राहू नये. तक्रार राहिलीच तर कानाची तपासणी करून घ्यावी.

क्लाडनी १८२७ मध्ये ब्रेस्लाऊ येथे वारले. हे शहर आता पोलंडमध्ये आहे. ध्वनिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते.