पांढऱ्या उतारांचा मास्तर

चंदगड तालुक्यात बर्फ पडत नाही. पडतो तो पाऊस, आणि असा पडतो की जूनमध्ये ओली झालेली गोधडी गणपतीपर्यंत वाळत नाही. तिलारीचा घाट धुक्यात बुडतो, पारगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ चढते आणि घाटात कुठे ना कुठे दरड येते. कोणत्या वळणावर गाडी थांबवायची नाही हे इथल्या एसटी ड्रायव्हरला सांगावे लागत नाही. रात्रभर कोसळून सकाळी लख्ख उघडीप पडली की नवखा माणूस खूश होतो. जाणता मात्र आधी डोंगराच्या कापलेल्या अंगाकडे बघतो. पाऊस थांबला तरी डोंगराने पोटात घेतलेले पाणी अजून आतच असते.

अशा मुलखात ‘हिमस्खलन’ हा शब्द खरे तर परका असायला हवा, पण तो परका नाही. बेळगाव इथून हाकेच्या अंतरावर, तिथे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. गावोगावची पोरे फौजेत, आणि फौज म्हटली की काश्मीर आलेच. थंडीच्या दिवसांत टीव्हीवर खालच्या पट्टीत तो शब्द सरकताना दिसला की चुलीपाशी बसलेली आई भाकरी थापायची थांबते. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला लष्कराच्या शाळेत बर्फावरचे प्रशिक्षण घेणारे १७ जवान असेच बर्फाखाली गेले. ते लढायला नव्हे, शिकायला आले होते.

आता तर फौजेत नसलेली पोरेही बर्फात जातात. ओळखीतला एक मुलगा, पुण्यात नोकरीला, गुलमर्गला जाऊन चार दिवस स्की शिकून आला. आता त्याला पाळण्याच्या दोरीखालचा तयार उतार सोडून मोकळ्या डोंगरात स्कीवर भटकायचे आहे. नवख्याने पहिल्यांदा कुठला डोंगर निवडावा, असे त्याने मला विचारले. मी बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर! पण प्रश्न डोक्यात राहिला. त्याचे उत्तर शोधताना एक ऑस्ट्रियन मास्तर सापडले, माथियास झदार्स्की. आल्प्सच्या मुलखात स्कीच्या इतिहासात त्यांचे नाव घेतले जाते. आपल्याकडे ते फारसे कोणी ऐकलेले नाही.

२५ फेब्रुवारी १८५६ हा त्यांचा जन्मदिवस. गाव मोराविया प्रांतातले कोझिखोविचे, आजच्या चेक प्रजासत्ताकात. लहानपणीच एका अपघाताने एका डोळ्याची दृष्टी गेली. पुढे शिक्षकी पेशा पत्करला. शिवाय चित्रे काढायची, मूर्ती घडवायच्या, यंत्रांशी खटपट करायची. थोडक्यात, एका जागी स्वस्थ न बसणारा माणूस. १८८९ साली त्यांनी व्हिएन्नाच्या नैर्ऋत्येला लिलिएनफेल्ड गावाजवळ हाबर्नराइट नावाचे डोंगरातले शेत घेतले आणि तिथेच बस्तान बसवले.

त्याच सुमाराला नॉर्वेचे फ्रित्यॉफ नान्सेन जगभर गाजत होते. १८८८ साली त्यांनी स्कीवरून ग्रीनलंड आडवे पार केले होते. त्यांचे पुस्तक वाचून झदार्स्कींनी नॉर्वेहून स्की मागवल्या. शिकवायला कोणी नव्हते. नॉर्वेच्या स्की लांबलचक, आणि पायाला ढिल्या बांधलेल्या. लांबच लांब पसरलेल्या सौम्य उतारांवर त्या झकास चालत. हाबर्नराइटच्या भोवतालचे उतार मात्र आपल्या घाटमाथ्याच्या कड्यांचे भाऊ. तिथे त्या स्कीवर उभे राहिले की माणूस थेट खाली, थांबायची सोयच नाही.

दुसऱ्या कोणी स्की माळ्यावर टाकल्या असत्या. झदार्स्कींनी करवत घेतली. स्की आखूड केल्या. टाच आडवी सरकू नये म्हणून बुटाखाली लोखंडी पट्टी आणि स्प्रिंग असलेली बांधणी तयार केली. ती मनासारखी होईपर्यंत शेकड्याच्या घरात नमुने मोडले, असे सांगतात. हातात दोन काठ्यांऐवजी एकच लांब काठी घेतली, आपल्याकडच्या धनगराच्या हातात असते तशी. आणि मुख्य म्हणजे वळायची युक्ती शोधली. एका स्कीची शेपटी बाहेर ढकलायची, वेग मारायचा, वळायचे, पुन्हा तेच. घाटरस्ता जसा नागमोडी उतरतो तसा माणूस डोंगर उतरू लागला. १८९६ साली या पद्धतीवर त्यांचे पुस्तक निघाले. आल्प्समधल्या स्कीइंगचे ते पहिले पाठ्यपुस्तक मानतात.

मला या माणसात सगळ्यात भावते ती त्यांची शाळा. रविवारी व्हिएन्नाहून आगगाडी भरून माणसे यायची. कारकून, विद्यार्थी, दुकानदार, बायका. झदार्स्की त्यांना रांगेत उभे करून शिकवायचे, आणि एक पैसा घ्यायचे नाहीत. शिस्त मात्र कडक. वेगाची हौस तिथे चालत नसे. पडणे हा त्यांच्या लेखी दोष होता. हव्या त्या जागी थांबता येत नसेल तर त्या उतारावर जाण्याचा अधिकारच नाही, असा त्यांच्या शिकवणीचा रोख होता. १९ मार्च १९०५ रोजी त्यांनी मुकेनकोगेल डोंगरावर शर्यत घेतली, तीही याच तत्त्वाने. वरपासून खालपर्यंत ८५ फाटके, त्यांतून वळत वळत उतरायचे, आणि कोण किती वेळा पडतो याचीही मोजदाद. २४ जण उतरले, त्यात एक बाई. पुढे १९२२ साली स्वित्झर्लंडमध्ये अर्नॉल्ड लन यांनी अशा वळणांच्या शर्यतीला आजच्या स्लॅलमचे रूप दिले. गंमत म्हणजे हे इंग्रज लनसाहेब जन्मले होते आपल्या मद्रासला!

स्वभावाने झदार्स्की तिखट होते, हेही सांगायला हवे. आपलीच पद्धत खरी, बाकी सारे झूट, हा त्यांचा बाणा. नॉर्वेवाल्यांशी वर्षानुवर्षे लेखणीची लढाई झाली. लष्करातले गेओर्ग बिल्गेरी दोन काठ्या वापरू लागले तेव्हा प्रकरण इतके पेटले की बिल्गेरींनी द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. ते झाले नाही म्हणून बरे. काठ्यांच्या बाबतीत काळाने बिल्गेरींच्या बाजूने कौल दिला, आज सगळे दोन काठ्याच वापरतात.

मग १९१४ साली महायुद्ध आले. ऑस्ट्रिया आणि इटलीचे सैन्य आल्प्सच्या माथ्यांवर समोरासमोर बसले. त्या डोंगरांत सैनिकांना गोळीइतकीच भीती होती बर्फाची. १३ डिसेंबर १९१६ रोजी मार्मोलाडा पर्वतावर एकाच हिमस्खलनात अडीचशेहून अधिक ऑस्ट्रियन सैनिक बराकीसकट गाडले गेले. अशा ठिकाणी फौजेला बर्फ जाणणारा माणूस हवाच होता. साठीला आलेले झदार्स्की मार्गदर्शक म्हणून आघाडीवर गेले. कुठून वाट काढायची, कुठे तळ टाकायचा नाही, हे पाहणे त्यांचे काम.

२८ फेब्रुवारी १९१६. साठावा वाढदिवस होऊन तीन दिवस झाले होते. कार्निक आल्प्समध्ये बर्फाखाली सापडलेल्या सैनिकांच्या मदतीला ते निघाले असताना वरून दुसरे हिमस्खलन आले. हजारोंना उतार शिकवणाऱ्या मास्तरांना बर्फाने उचलले, पिळले आणि फेकले. बाहेर काढले तेव्हा ते जिवंत होते, पण मोडलेली आणि निखळलेली हाडे मोजली तर आकडा ऐंशीच्या घरात. मणकेसुद्धा जागचे हलले होते.

इथे मला थांबून त्या पुण्याच्या मुलाकडे वळावेसे वाटते. कारण झदार्स्कींना वळायचे, थांबायचे, पडायचे नाही, हे सगळे येत होते, आणि तरी ते सापडले. त्या दिवशी त्यांना वाट निवडायची मुभा नव्हती. माणसे गाडली गेली होती, जाणे भाग होते. हौसेने जाणाऱ्याला ती मुभा पुरेपूर असते.

बर्फ थराथराने साठतो. एखादा थर साखरेच्या दाण्यासारखा सुटा राहतो, त्यावर वाऱ्याने दाबलेली घट्ट लादी बसते. माणसाचे वजन पडले की खालचा थर चिरडतो आणि अख्खी लादी निसटते. बर्फात सापडणाऱ्या दहा भटक्यांपैकी नऊ जणांच्या बाबतीत ती लादी त्यांनी स्वतः किंवा सोबत्याने सोडवलेली असते. अशी लादी सुटते ती बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, त्यातही ३८ अंशांच्या आसपास सर्वांत जास्त. आपल्या कौलारू घराचे छप्पर साधारण तीस अंशांच्या आगेमागे असते. नवख्याने छपराहून सौम्य उतार शोधावा, म्हणजे पंचविशीच्या आतला. उतार मोजायचे साधन आता मोबाइलमध्येही मिळते.

पण पायाखालचा उतार सौम्य असून भागत नाही. मान वर करून बघायचे. डोक्यावर उभा उघडा डोंगर असेल तर खालचे सपाट मैदान म्हणजे त्याची कचराकुंडी. वरचे सारे तिथेच येऊन पडणार. ओढा आणि घळ तर वर्ज्यच, कारण तिथे थोडा बर्फही माणूस बुडेल इतका खोल साचतो. वाऱ्याआडच्या बाजूला फुगून बसलेली बर्फाची गादी दिसायला लोभस, पण तीच लादी. त्यापेक्षा रुंद, बोथट सोंड किंवा दाट झाडीतला हलका उतार बरा. गुलमर्गचेच घ्या. मैदानातला वाटीसारखा भाग नवख्यांसाठी उत्तम. अफरवटच्या माथ्याकडचे, चार हजार मीटरच्या आसपासचे उघडे उतार हे मात्र वेगळे जग. पाळणा दोघांनाही सारख्याच तिकिटात वर नेतो, डोंगर सारखे वागवत नाही. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी तिथल्याच हिमस्खलनात एक परदेशी स्कीपटू गेला.

आणि दिवस? तोही निवडायचा. मोठ्या हिमवर्षावानंतर किमान एक-दोन दिवस गप्प बसायचे, मग ऊन कितीही लख्ख असो. आपल्या घाटातल्या उघडिपीसारखेच हे. पायाखाली धप्प असा पोकळ आवाज आला, बर्फात तडा धावत गेला, शेजारच्या उतारावरून ताजी लादी उतरलेली दिसली, की मागे फिरायचे. हिमालयातल्या हिमस्खलनाचा इशारा संरक्षण खात्याची संस्था देते, पूर्वी मनालीची ‘सासे’, २०२० नंतर ‘डीजीआरई’. तो वाचल्याशिवाय निघायचे नाही. सोबत जाणता माणूस, प्रत्येकाच्या अंगावर संदेशयंत्र, पाठीवर फावडे आणि शोधकाठी. गाडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढले तर आशा असते, त्यानंतर ती झपाट्याने घटते. बाहेरची मदत इतक्या वेळात पोचत नाही.

त्या मुलाला हे सगळे फोनवर सांगितले. त्याचा आवाज जरा पडला. एवढे सारे बघायचे तर मजा कधी करायची, असे त्याला वाटले असावे.

झदार्स्की त्या दिवसानंतर आणखी चोवीस वर्षे जगले. डॉक्टरांच्या भरवशावर न राहता त्यांनी स्वतःसाठी व्यायाम बसवले, साधने बनवली, आणि जसे बांधणीचे नमुने मोडून पुन्हा केले तसे स्वतःचे शरीर पुन्हा उभे केले. काही वर्षांनी ते पुन्हा स्कीवर उभे राहिले. बर्फाचा राग धरून घरात बसले नाहीत, उलट त्याचा अभ्यास केला. १९२९ साली त्यांचे हिमस्खलनावरचे पुस्तक आले. आधी पडू कसे नये ते शिकवले होते, आता जाऊ कुठे नये ते लिहिले.

२० जून १९४० रोजी सांक्ट पोल्टन इथे ते वारले, वय ८४. त्यांना मूठमाती दिली ती हाबर्नराइटलाच. ते दिवस भर उन्हाळ्याचे. मुकेनकोगेलच्या उतारांवर तेव्हा गवत असते, आणि गाई चरत असतात.