स्मिता पाटील : सन्मान कोणाचा?

कलावंताच्या कर्तृत्वाचे मोजमाप त्याला मिळालेल्या पुरस्कारांवरून करण्याची आपल्याकडे रीत आहे. ही रीत सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु स्मिता पाटील यांच्या कारकीर्दीकडे पाहू लागलो की तिचा अपुरेपणा ध्यानात येतो. तिशी ओलांडण्यापूर्वीच त्यांना दोन राष्ट्रीय पुरस्कार आणि पद्मश्री मिळाली. हे सन्मान योग्यच होते. मात्र ज्या स्त्रियांच्या भूमिकांमुळे ते मिळाले, त्या स्त्रियांची समाजाने किती दखल घेतली, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

१७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात जन्मलेल्या स्मिता पाटील यांना सार्वजनिक कार्याचा वारसा घरातूनच लाभला. वडील शिवाजीराव पाटील राजकारणात, तर आई विद्याताई समाजकार्यात होत्या. राष्ट्र सेवा दलाच्या वातावरणात त्यांची जडणघडण झाली. मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणारी सावळ्या वर्णाची, मोठ्या डोळ्यांची ही तरुणी श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरली. 'चरणदास चोर' व 'निशांत' १९७५ मध्ये आणि 'मंथन' १९७६ मध्ये आला.

पहिला राष्ट्रीय पुरस्कार १९७७ च्या 'भूमिका'साठी मिळाला. या चित्रपटाला आधार होता तो हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनाचा. पडद्यावर लखलखणारी आणि घरात मात्र सतत दुसऱ्याच्या मर्जीवर जगावे लागलेली अभिनेत्री स्मिता पाटील यांनी साकारली. हंसाबाई १९७१ मध्येच निवर्तल्या होत्या. त्यांच्या आयुष्याच्या चित्रणाला देशाने दिलेली दाद पाहण्यास त्या उरल्या नव्हत्या.

दुसरा राष्ट्रीय पुरस्कार १९८० या वर्षासाठी, जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरील 'चक्र'करिता मिळाला. पुढे याच भूमिकेने त्यांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळवून दिला. झोपडपट्टीतील एका स्त्रीची जगण्याची धडपड त्यात होती. शासनाने या अभिनयाचा गौरव केला. वितरकांनी मात्र उघड्यावर स्नान करणाऱ्या त्याच स्त्रीचे चित्र भित्तिपत्रकांवर झळकावून प्रेक्षक गोळा केले. स्मिता पाटील यांना ही गोष्ट रुचली नाही आणि त्यांनी आपली नाराजी लपवून ठेवली नाही. एकाच भूमिकेला सन्मान आणि बाजार या दोहोंनी दिलेली वागणूक इतकी भिन्न असावी, यावरून पुरस्काराच्या सामर्थ्याची मर्यादाच उघड होते.

त्यांचे सर्वच उत्तम काम पुरस्कारांच्या यादीत सापडत नाही. सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या 'सद्गती'मधील (१९८१) झुरिया ही भूमिका लहान, पण विसरता न येणारी आहे. जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'तील (१९८२) सुलभा महाजन तर मराठी मध्यमवर्गाच्या अगदी घरातील. सुधारगृहातील स्त्रियांसाठी काम करावयास ती घर सोडते आणि परतल्यावर त्या घरात आपले स्थान उरले नसल्याचे तिला कळून येते. त्याच वर्षी 'शक्ती' आणि 'नमक हलाल' यांसारख्या व्यावसायिक चित्रपटांतही त्या दिसल्या. त्याबद्दल त्यांना दोष देणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावयास हवे की, समांतर चित्रपटाला मानपत्रे मिळत होती, चित्रपटगृहे क्वचितच मिळत होती.

१९८५ मध्ये पद्मश्री आली. १३ डिसेंबर १९८६ रोजी, पुत्रजन्मानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. सत्ताधाऱ्याच्या वासनेला नकार देणारी 'मिर्च मसाला'तील सोनबाई १९८७ मध्ये प्रेक्षकांसमोर आली, तेव्हा दाद स्वीकारण्यास त्या नव्हत्या.

गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभारलेला 'मंथन' २०२४ मध्ये नव्या रूपात कान महोत्सवात दाखविण्यात आला. त्यातील बिंदूच्या भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला नव्हता. तरीही अठ्ठेचाळीस वर्षांनी ती भूमिका ताजीच वाटते. अभिनेत्रीचा सन्मान आपण केला, तो उचितच होय. परंतु उंबरठ्याबाहेर पाऊल टाकणाऱ्या सुलभेला परत येताना दार उघडे मिळते काय, हे कोणतीही निवड समिती ठरवू शकत नाही. ते आपल्याच घरांत ठरावयाचे आहे.