आल्फ्रेड बिने : बुद्धी मोजणारा माणूस

मित्रांनो, ॲप्टिट्यूड टेस्टचा कट-ऑफ दोन मार्कांनी हुकला की आपल्याला डोकंच नाही असं वाटायला लागतं. मागच्या सेमला माझं तेच झालं. मग डोकं मोजायची ही भानगड सुरू केली कोणी, हे शोधताना आल्फ्रेड बिने भेटला.

जन्म १८५७, गाव नीस. १८७८ मध्ये कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. मेडिकलही अर्धवट सोडलं. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून पठ्ठ्या स्वतःच मानसशास्त्र शिकला! पुढे शार्को या नामांकित डॉक्टरांच्या हाताखाली संमोहनावर काम केलं. लोहचुंबकाने रुग्णाची लक्षणं शरीराच्या एका बाजूकडून दुसरीकडे नेता येतात, असा दावा त्याने केला. तो साफ चुकला. समोरच्याला काय हवंय हे ओळखून रुग्ण तसे वागत होते. बिनेने चूक जाहीरपणे कबूल केली.

नंतर त्याने आपल्या दोन मुलींचं, मादलेन आणि आलीसचं, निरीक्षण केलं. घर एकच, पण दोघींची विचार करायची पद्धत वेगळी! १८९४ मध्ये तो सोरबोनच्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला.

१९०४ मध्ये फ्रेंच सरकारने एक समिती नेमली. वर्गात मागे पडणाऱ्या, खास शिक्षणाची गरज असलेल्या मुलांना ओळखायचं कसं, हा प्रश्न होता. बिने आणि डॉ. सिमों यांनी १९०५ मध्ये ३० प्रश्नांची कसोटी तयार केली. आकडे ऐकून परत सांगणं, वजनांची तुलना, शब्दांचे अर्थ, असे साधे प्रश्न. १९०८ मध्ये ते वयाप्रमाणे लावले. हेतू एकच, मुलाला मदत मिळावी. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते हे बिनेला मुळीच मान्य नव्हतं. लक्ष आणि स्मरणशक्ती वाढवायचे व्यायामही त्याने सुचवले.

१९११ मध्ये, ५४व्या वर्षी तो गेला. आयक्यू हा आकडा त्यानंतरचा. १९१२ मध्ये स्टर्नने भागाकार सुचवला, १९१६ मध्ये टर्मनने त्याला शंभराने गुणलं. अमेरिकेत तर याच कसोटीने माणसांवर मंदबुद्धीचे शिक्के मारले गेले. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नडमध्ये आणली.

तेव्हा दोस्तांनो, केटी लागली तर एवढंच लक्षात ठेवा. कुठे मदत हवी हे कळावं म्हणून ती मोजपट्टी बनली होती. आपली किंमत ठरवायला नाही.