संतश्रेष्ठ श्री तुकाराम महाराज : खऱ्या विसाव्याचा शोध

आपल्या गावच्या श्री विठ्ठल मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थांच्या श्रमाने व देणगीदारांच्या उदार हातांनी पूर्ण झाला, ही पांडुरंगाचीच कृपा होय. या मंगल प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेसाठी एखाद्या संताचे चरित्र लिहावे, अशी आज्ञा समितीने केली. तेव्हा पडक्या देवळाचा जीर्णोद्धार ज्यांनी स्वतः केला, ते देहूचे तुकोबाराय प्रथम डोळ्यांपुढे उभे राहिले. मी काही कीर्तनकार किंवा विद्वान नव्हे. तालुका कचेरीत कारकुनी करणारा साधा माणूस. तरी जे वाचले, ऐकले व पटले ते अल्पमतीप्रमाणे मांडीत आहे.

तुकाराम महाराजांचा जन्म इ.स. १६०८ च्या सुमारास इंद्रायणीकाठी देहू येथे झाला. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले बंधू सावजी व धाकटे कान्होबा. घराण्याचे मूळपुरुष विश्वंभरबुवा हे पंढरीचे निष्ठावंत वारकरी. विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती त्यांनाच देहूस सापडल्या व त्यांनी देऊळ बांधले, असे परंपरा सांगते. घरात गावची महाजनकी, शेतीवाडी, वाणसौद्याचे दुकान आणि सावकारी होती. ज्याच्या घरी धान्य, दुकानी माल आणि पेटीत लोकांची कर्जखते, त्याला कशाची चिंता? त्या काळच्या मनुष्याला याहून भक्कम आधार दुसरा ठाऊक नव्हता.

परंतु हे चारही खांब एकामागून एक हलू लागले. सावजींचा ओढा विरक्तीकडे, म्हणून प्रपंचाचा भार लहान वयातच तुकोबांवर आला. ते सतरा वर्षांचे असताना आई-वडील निवर्तले. थोरली भावजय वारली व सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. पुढे इ.स. १६३० च्या सुमारास दख्खनवर भयंकर दुष्काळ पडला. गावेच्या गावे ओस पडली, गुरे चाऱ्यावाचून मेली. तुकोबांचे दुकान बसले, दिवाळे निघाले, चारचौघांत मान खाली घालावी लागली. थोरली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. ज्याच्या घरून गावाने धान्य न्यावे, त्याच्याच घरात भाकरी नव्हती.

अशा वेळी माणूस एकतर खचतो, नाहीतर गेलेले परत मिळविण्याच्या मागे लागतो. तुकोबांनी तिसरी वाट धरली. जे एका पावसाने जाते, ते आपले कसे म्हणावे, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला आणि तो प्रश्न घेऊन ते भामचंद्र डोंगरावर एकांतात जाऊन बसले. शोधीत शोधीत कान्होबा तेथे गेले व दोघे बंधू इंद्रायणीकाठी आले. पुढे जे घडले ते वाचताना माझ्यासारख्या कारकुनाचे मन थबकते. घरातील सारी कर्जखते बाहेर काढली गेली. तुकोबांनी त्यांचे दोन भाग केले. अर्धी खते कान्होबांना दिली, कारण त्यांना त्यांचा प्रपंच चालवायचा होता. आपल्या वाट्याची अर्धी खते मात्र त्यांनी इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली.

कचेरीत बसणाऱ्या माणसाला कागदाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. एका उताऱ्यासाठी, एका नोंदीसाठी लोक उन्हातान्हात खेटे घालतात. वीतभर बांधावरून भाऊ-भाऊ तारखांना जातात, आणि दावा संपतो तेव्हा दोघेही थकलेले असतात. कागद हवा, तो नीट जपलाही पाहिजे. तुकोबांनीसुद्धा भावाचा हक्क बुडविला नाही; बुडविला तो फक्त स्वतःचा. दुष्काळाने आपल्यासारखीच गांजलेली कुळे, आणि त्यांच्याकडून वसुली करून आपण निर्धास्त व्हायचे, हे त्यांच्या मनाला पटेना. त्या कागदांबरोबर कितीतरी कुळांच्या डोक्यावरचे ओझे उतरले आणि तुकोबांचे मनही मोकळे झाले.

याच काळात विश्वंभरबुवांचे देऊळ मोडकळीस आले होते. ते उभे करावे असे तुकोबांच्या मनाने घेतले. पैसा तर उरला नव्हता. चरित्रकार सांगतात की त्यांनी स्वतःच्या अंगमेहनतीने ते काम केले. घर पडलेले असताना देऊळ बांधायला निघालेल्या या माणसाला लोकांनी वेडा म्हटले असेल. पण ज्याला आधार बदलायचा असतो, त्याला कुठून तरी आरंभ करावा लागतो. ते एकादशीस कीर्तनाला उभे राहू लागले, संतांची वचने पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरले. माघ शुद्ध दशमीस गुरुवारी बाबाजी चैतन्यांचा स्वप्नात अनुग्रह झाला. नामदेवरायांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्व करण्यास सांगितले. तेव्हापासून त्यांच्या मुखातून अभंग वाहू लागला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. देव भेटला म्हणून तुकोबांच्या घरी सुबत्ता आली नाही. जिजाई दारिद्र्यात मुलाबाळांचे करीत राहिल्या व भंडारा डोंगरावर भाकरी पोहोचवीत राहिल्या. त्या माउलीचे कष्ट विसरून हे चरित्र सांगता येणार नाही. विसावा म्हणजे दुःख संपणे नव्हे. दुःखातही मन कोठे टेकावे, हे कळणे म्हणजे विसावा.

त्याची कसोटीही झाली. वाघोलीचे रामेश्वर भट यांनी तुकोबांच्या कवित्वास आक्षेप घेतला आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तोच डोह, पुन्हा कागदच! पण पहिल्या वेळी धनाचे कागद आपखुशीने सोडले होते. या वेळी जिवाचा गाभा पाण्यात गेला. तुकोबा धाय मोकलून देवाला शरण गेले. ते कोणा सरदाराच्या दारी दाद मागायला गेले नाहीत. नदीकाठच्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिले. परंपरा सांगते की वह्या कोरड्या वर आल्या, आणि पुढे रामेश्वर भट त्यांचेच शिष्य झाले. शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणाही त्यांनी नम्रपणे परत केला, असे सांगतात. एकदा सुटलेल्या गाठी त्यांना पुन्हा बांधायच्या नव्हत्या.

फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१ (इ.स. १६५०) रोजी महाराज वैकुंठास गेले. ती तिथी तुकाराम बीज म्हणून पाळली जाते. त्यांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी इ.स. १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. तो आजही दरवर्षी पंढरीस जातो. पुढे गाथा छापली गेली. तिच्यात सुमारे साडेचार हजार अभंग आहेत. कर्जखतांतील एकही ओळ आज कोणास ठाऊक नाही. अभंग मात्र नांगर धरणाऱ्याच्याही ओठी आहेत.

ग्रामस्थ बंधुभगिनींनो, आपणही देऊळ बांधले. देणगीदारांची नावे फरशीवर कोरली जातील, ती कोरलीच पाहिजेत. ज्यांनी दगड-माती वाहिली त्यांचे ऋणही विसरता येणार नाही. पण आपण देणगी दिली, आता देव आपला देणेकरी झाला, असे वाटू लागले, तर तेही एक कर्जखतच झाले. पीक, नोकरी, बँकेतील ठेव ही प्रपंचाला हवीच. तथापि रात्री डोळा लागण्यासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवली, तर एका दुष्काळात ती दगा देतात. म्हणून या देवळात येताना मागण्यांची यादी थोडी बाजूला ठेवून दोन घटका नुसते विठ्ठलापुढे बसावे. शेजाऱ्याविषयीची अढी, जुनी येणी, भावकीतला हट्ट यांतले काही सोडता आले तर याच पायरीवर सोडून जावे. तोच खरा जीर्णोद्धार.

तशी बुद्धी श्री पांडुरंगाने आपणा सर्वांस द्यावी, एवढीच त्याचे चरणी प्रार्थना करून हे अल्पसे लेखन पुरे करतो.

॥ श्री विठ्ठलार्पणमस्तु ॥