देवाच्या दरबारांतील कवि : रेव्हरंड नारायण वामन टिळक

राजा म्हटला कीं दरबार आला, आणि दरबार म्हटला कीं द्वारपाल, मानकरी व मुजरे हे आलेच. परंतु ज्या राजाच्या मस्तकीं कांट्यांचा मुकुट होता व ज्यानें आपल्या शिष्यांचे पाय स्वतः धुतले, त्या ख्रिस्ताचा दरबार कसा असावा? या प्रश्नाचें उत्तर आपल्या आयुष्यानें देऊं पाहणारे मराठी कवि नारायण वामन टिळक यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें चित्पावन ब्राह्मण कुळांत झाला. त्यांच्या मातोश्रींस मराठी संतांच्या कवितेची गोडी होती व ती मुलांतही उतरली. परंतु लहानपणींच त्या मातृछत्रास ते अंतरले व घर सोडून बाहेर पडले. पुढें नाशिक येथें त्यांनीं गणेशशास्त्री लेले यांजपाशीं संस्कृताचें अध्ययन केलें. १८८० सालीं त्यांचा लक्ष्मीबाईंशीं विवाह झाला. वृत्ति मात्र फिरती. एका ठिकाणीं पाय ठरेना, आणि धर्मजिज्ञासाही स्वस्थ बसूं देईना.

१८९३ सालीं ते राजनांदगांव संस्थानच्या राजेसाहेबांकडे चाकरी मिळविण्यासाठीं नागपुराहून आगगाडीनें निघाले. डब्यांत एका युरोपियन गृहस्थाशीं त्यांचें संभाषण झालें व त्या गृहस्थानें निरोप घेतांना त्यांना नव्या कराराची प्रत दिली. एका राजाच्या सेवेस निघालेल्या या तरुण पंडितास वाटेंतच दुसऱ्या राजाचें बोलावणें आलें, असेंच म्हटलें पाहिजे. वाचतां वाचतां ते मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथेंच त्यांचें चित्त जडलें. जें राज्य दीनांचें व शांति करणारांचें आहे, त्या राज्याचे ते प्रजाजन झाले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. या निष्ठेची किंमत मोठी होती. जात सुटली, आप्तेष्ट दुरावले, आणि लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह माहेरच्या माणसांच्या आश्रयास राहिल्या. हा वियोग चार वर्षांहून अधिक काळ चालला. पुढें त्या अहमदनगरास पतीकडे आल्या व १९०० सालीं त्यांनीं स्वतःच्या विचारानें बाप्तिस्मा घेतला. ही सर्व हकीकत त्यांनीं 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत मोठ्या मोकळेपणानें सांगितली आहे.

त्या काळीं मंदिरांत गाइलीं जाणारीं पुष्कळ गीतें परभाषेंतून आणलेलीं असत व त्यांच्या चालीही परदेशी असत. देशी चालींवर रचना करणारे ख्रिस्ती कवि टिळकांच्या पूर्वींही होऊन गेले होते. परंतु टिळकांनीं या ओढ्याची नदी केली. अभंग, भजन, कीर्तन यांतून त्यांनीं ख्रिस्ताचें स्तवन केलें. कोणीं भक्तीची भाषा कोठून शिकलांत असें विचारलें, तर तुकोबांचें ऋण ते आनंदानें मान्य करीत. जो सर्वांचा राजा, त्याला मराठी माणसानें आपल्या मातृभाषेंतच आळवावें, हें त्यांच्या उपासनेचें मर्म होतें.

१९१७ सालीं साताऱ्यास असतां त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यास स्वीकारिला आणि 'देवाचा दरबार' स्थापिला. या दरबारीं मानाच्या जागा नव्हत्या. ख्रिस्तास प्रभु मानणारा कोणीही, त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, येथें बंधु म्हणून बसूं शके. अशा मोकळ्या दारानें मंडळीची शिस्त ढिली होईल कीं काय, अशी शंका खुद्द ख्रिस्ती लोकांतही कित्येकांस आली. ती शंका पोरकट नव्हती. परंतु राजानें ज्यास बोलाविलें त्यास चाकरानें अडवूं नये, अशीच टिळकांची भूमिका होती.

दरबारास पुरीं दोन वर्षेंही झालीं नाहींत तोंच, ९ मे १९१९ रोजीं, मुंबई येथें टिळकांचें देहावसान झालें. दरबार फार काळ टिकला नाहीं. 'ख्रिस्तायन' हें महाकाव्यही अपुरें राहिलें होतें. तें पुढें लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें. ज्या पत्नीस एके काळीं पतीची वाट परकी वाटली होती, तिनेंच त्याच्या हातून गळालेली लेखणी उचलावी, याहून मोठें यश तें कोणतें?

विद्यार्थी मित्रहो, टिळकांची संस्था गेली, पण गीतें राहिलीं. मराठी ख्रिस्ती मंदिरांत तीं आजही गाइलीं जातात. प्रार्थनेच्या वेळीं आपण ख्रिस्तास राजा म्हणून वंदन करितों, तेव्हां आपल्या शेजारच्या बांकावर आपण कोणास जागा देतों, हेंही त्या राजाच्या दृष्टीस पडत असतें, एवढें या कवीच्या चरित्रावरून ध्यानीं घ्यावें.