गाडीला ‘सेल्फ’ देणारे चार्ल्स केटरिंग

थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी ‘सेल्फ’ घेत नाही, ही तक्रार आपण घरी ऐकतो. हा ‘सेल्फ’ म्हणजे सेल्फ स्टार्टर ज्यांनी घडवला, त्या चार्ल्स केटरिंग यांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. डोळे लहानपणापासून अधू. काही काळ ते खेड्यातील शाळेत शिक्षक होते. डोळ्यांच्या दुखण्यामुळे कॉलेज मध्येच सोडावे लागले, तेव्हा टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या मंडळींत त्यांनी काम केले. पण शिक्षणाची जिद्द सोडली नाही. १९०४ साली ते विद्युत अभियंता झाले.

डेटन शहरातील नोकरीत त्यांनी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली. गल्ला उघडायला जोर लागतो तो क्षणभरच. म्हणून छोटी मोटरही पुरते, हे त्यांनी ओळखले. हीच युक्ती पुढे कामी आली.

त्या काळी गाडी हँडल मारून सुरू करावी लागे. हँडल उलटे फिरले की मनगट मोडे. गाड्या बनवणारे बायरन कार्टर १९०८ साली वारले. दुसऱ्याची बंद पडलेली गाडी सुरू करून देताना हँडलचा मार बसल्याने ते दगावले, असे सांगतात. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलंड यांना हँडलचा धोका संपवायचा होता. इंजिन फिरवण्याइतकी मोटर गाडीत मावणार नाही, असे जाणकार म्हणत. केटरिंग यांनी गल्ल्याचाच विचार केला: जोर काही क्षणच हवा! १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत स्टार्टर आला. इंजिन सुरू झाले की तेच यंत्र बॅटरी भरत असे.

पुढे जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे ते १९४७ पर्यंत प्रमुख होते. याच विभागात १९२१ साली पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची कल्पना निघाली. १९२४ साली ते रसायन बनवताना कामगार मरण पावले, तरी केटरिंग यांनी त्याची बाजू घेतली. भारतात असे पेट्रोल २००० साली बंद झाले, जगातून २०२१ साली. मोठ्या माणसाची ही चूकही आपण लक्षात ठेवावी. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी त्यांचे निधन झाले.

सोय आली की तिच्यातला धोकाही समजून घ्यावा लागतो. बॅटरी उतरली की आपण दुसऱ्या गाडीवरून ‘जंप’ देतो. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो; ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो. म्हणून पालकांनी हा क्रम पाळावा. दोन्ही बॅटऱ्या सारख्या व्होल्टची असाव्यात. गाड्या एकमेकींना टेकू देऊ नयेत, इंजिने बंद ठेवावीत, हँडब्रेक ओढावा. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला लावावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला लावावी. तिचे दुसरे टोक मात्र बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे; कारण ठिणगी उडते ती शेवटच्या जोडणीला. आधी चांगली गाडी सुरू करावी, काही मिनिटांनी दुसरी. केबल उलट्या क्रमाने काढाव्यात. गाडीच्या पुस्तिकेत वेगळी सूचना असेल तर ती पाळावी. बॅटरी फुटलेली, फुगलेली वा गळकी असेल तर जंप देऊच नये, मेकॅनिकला बोलवावे. मुलांनी तेव्हा लांब उभे राहून पाहावे.

दुसऱ्याच्या अडलेल्या गाडीला मदत करणे हे चांगलेच काम आहे. ते नीट समजून केले, तर मदत करणाराही सुखरूप घरी जातो.